मूल होत नाही, तपासणी मात्र तिचीच : पुरुषांचे शुक्राणू आणि आपल्या योजना

आयुष्मान कार्डावर मूल होण्याचा उपचार होतो का, हे विचारायला तुम्ही या पानावर आला असाल तर उत्तर आधीच देऊन टाकते : होत नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यात जे उपचार वगळलेले आहेत त्यांच्या यादीत वंध्यत्वाचे आणि कृत्रिम गर्भधारणेचे उपचार आहेत. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण त्यातला एक रुपयाही आय.व्ही.एफ.साठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, वापरता येत नाही. दवाखान्यात भरती न होता बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्याही या कार्डात बसत नाहीत.

हा प्रश्न मला मोहन नगरात आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी विचारला. योजनांची माहिती मराठीत आणणे हे माझे काम, त्यामुळे गल्लीत मी ‘सरकारी कागद वाचून सांगणारी’ झाले आहे. कोणाची शिधापत्रिका, कोणाची पेन्शन, सगळे आमच्या ओट्यावर येते. वहिनींच्या लग्नाला सहा वर्षे झाली. पिशवीत जाड फाईल होती. तीन सोनोग्राफी, थायरॉईडचा अहवाल, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे, एका खाजगी दवाखान्यात दुर्बिणीतून झालेली तपासणी, आणि त्या तपासणीसाठी बचत गटातून काढलेल्या कर्जाची वही. सगळे अहवाल ठीक होते. मी फाईल दोनदा उलटून पाहिली. भाऊंच्या नावाचा एकही कागद तिच्यात नव्हता.

“त्यांची तपासणी?”

“त्यांना काय झालंय गं? चांगले धडधाकट आहेत. भट्टीवर ड्यूटी करतात.”

हा लेख वहिनींसाठी आहे, आणि त्याहून जास्त भाऊंसाठी. तुमच्या घरात असे भाऊ असतील तर त्यांना वाचायला द्या. वाचायचा कंटाळा असेल तर वाचून दाखवा.

मूल न होण्यात पुरुषाचा वाटा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलेला आकडा असा आहे की जगात साधारण सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि ज्या जोडप्यांना मूल होत नाही, त्यांतल्या जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचे कारण असते. कधी एकट्या पुरुषाचे, कधी दोघांचे मिळून. ही गोष्ट डॉक्टरांना जुनी आहे. तरी घराघरांत पहिली सोनोग्राफी तिची होते, पहिला नवस तिचा होतो, आणि टोमणे तर सगळे तिलाच.

माझा विषय मराठी. मला हे भाषेतही दिसते. ‘वांझ’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाई येते. जमीन वांझ असते, झाड वांझ असते, गाय वांझ असते. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्दच नाही. जो वापरतात तो ‘नपुंसक’, आणि तो चुकीचा आहे. संबंध ठेवता न येणे ही एक गोष्ट, आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू नसणे ही दुसरी. ज्याचे शरीर उत्तम चालते, ज्याला संबंधात काहीही अडचण नाही, अशा माणसाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात, अगदी शून्यही असू शकतात. बाहेरून, ताकदीवरून, मिशीवरून, वीर्याच्या रंगावरून किंवा दाटपणावरून हे कळत नाही. ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

कायद्यानेही हीच गफलत केलेली आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना मनाई करणारा १९५४ चा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज नावाचा. कोणत्या आजारांवर अशी जाहिरात करता येणार नाही, त्याची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत ‘स्त्रियांमधील वंध्यत्व’ आहे आणि पुरुषांसाठी ‘लैंगिक दुर्बलता’ आहे. पुरुषांचे वंध्यत्व असे काही असते, हे यादी करणाऱ्यांच्या मनात आलेले दिसत नाही. बाई वांझ आणि पुरुष कमजोर, एवढे दोनच खण. शब्दच नसेल तर भाऊंनी दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन सांगायचे तरी काय?

योजना कुठे सुरू होते आणि कुठे थांबते

या पोर्टलवरची कुटुंबाशी संबंधित पाने एकापुढे एक ठेवून पाहा. जननी सुरक्षा योजना बाळंतपणासाठी. मातृ वंदना योजना गर्भ राहिल्याची नोंद झाल्यावर. पोषण आहार गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. सगळ्यांची सुरुवात गर्भ राहिल्यानंतर होते. त्याआधीचे जे आहे ते मूल थांबवण्याचे आहे. भारताने १९५२ साली कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि असा कार्यक्रम सरकारी पातळीवर घेणारा तो जगातला पहिला देश होता. २०१६ साली आलेले मिशन परिवार विकास छत्तीसगडसह सात राज्यांसाठी होते. त्यात नव्या जोडप्यांना ‘नई पहल’ नावाची पिशवी देतात : निरोध, गोळ्या, गर्भ राहिला का ते पाहण्याची पट्टी, कंगवा, आरसा, टिकल्या. चांगली कल्पना आहे. पण वर्ष-दोन वर्षे उलटूनही पट्टीवर दुसरी रेघ आली नाही तर नवऱ्याने कुठे जायचे, हे सांगणारे त्या पिशवीइतके सोपे असे काही नाही.

थांबवण्याच्या कामातही ओझे एकाच बाजूला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली ३७.९ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के निघाली. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे असे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्याच राज्यात, बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या १३ जणी दगावल्या. छत्तीसगडमध्ये ही बातमी अजून कोणी विसरलेले नाही. मूल नको असेल तर तिचे शरीर, मूल हवे असेल तरी तिचेच. वहिनींच्या फाईलमध्ये मला हेच दिसले.

आता वारे थोडे बदलले आहे. त्याच सर्वेक्षणात छत्तीसगडमधला जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुले, १.८ वर आला आहे, देशाचा २.० आहे. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. लोकांनी जास्त मुले होऊ द्यावीत, असे आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. कोणाला किती मुले हवीत हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्यांना एकच हवे आहे आणि तेही होत नाही, त्यांच्याकडे आधी पाहायला हवे असे माझे मत आहे. त्यातला सर्वांत स्वस्त भाग म्हणजे पुरुषाची तपासणी.

भट्टी, गाडी आणि फवारणी

पुरुषाचे वृषण शरीराच्या बाहेर का लोंबतात? कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. थंडीत पिशवी आकसते, उन्हात सैल पडते, ती हेच तापमान सांभाळत असते. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. पुढे नळीतून पक्का होऊन बाहेर पडेपर्यंत तीन महिने धरा. हा तीन महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

भिलाईत उष्णता ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावातली निम्मी घरे भट्टी, कोक ओव्हन, रोलिंग मिल यांच्या पाळ्यांवर चालतात. नागपूर-गोंदियाकडून रेल्वेने आलेली आपली मराठी घरेही त्यातच आली. सतत उष्णतेजवळ काम करणाऱ्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास इटलीत १९९२ साली चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्टीवरच्या कामगारांवर झाला होता. त्यांच्यात मूल होण्याच्या तक्रारी तुलनेने जास्त निघाल्या आणि शुक्राणूंच्या हालचालीतही फरक दिसला. याचा अर्थ भट्टीवरच्या प्रत्येकाला त्रास होतो असा मुळीच नाही. आमची गल्ली भट्टीवाल्यांच्या नातवंडांनी भरलेली आहे. पण सहा वर्षे मूल नाही आणि काम भट्टीवर आहे, तर डॉक्टरला ‘मी काय काम करतो’ हे सांगितलेच पाहिजे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

कामाचा आणि शुक्राणूंचा संबंध डॉक्टरांच्या आधी कामगारांनी ओळखला, अशी एक मोठी घटना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी शेतीची औषधे बनवणारा कारखाना होता. जमिनीतले सूत्रकृमी मारणारे डी.बी.सी.पी. नावाचे रसायन तिथे तयार व्हायचे. आपल्यापैकी कोणालाच नवीन मूल होत नाही, हे तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आले. १९७७ साली संघटनेने पाठपुरावा करून वीर्यतपासण्या करवल्या. जे त्या विभागात जास्त वर्षे होते त्यांच्यात शुक्राणू फार कमी किंवा अजिबात नव्हते. पुढे दोन वर्षांत अमेरिकेत त्या रसायनाचा बहुतेक वापर बंद झाला. ते लोक आजारी दिसत नव्हते. खात होते, कमावत होते, हसत होते. भाऊंसारखेच धडधाकट.

धमधा-बेमेतराकडे धानावर फवारणी करणाऱ्यांनी म्हणून तोंडाला गमछा बांधून भागवू नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेने फवारा, आणि घरी येताच आंघोळ करून कपडे वेगळे धुवायचे. बॅटरी दुरुस्तीवाल्यांनी शिशाबाबत हीच काळजी घ्यावी : त्या हातांनी डबा खाऊ नये. ट्रक किंवा ऑटो तासन् तास चालवणाऱ्यांनी मध्ये उतरून पाय मोकळे करावेत. भट्टीवाल्यांनी विश्रांतीची वेळ गरम जागेतच बसून घालवू नये, थंड जागेत जावे, आणि ड्यूटीनंतर गरम पाण्याच्या टबात बसण्याचा शौक असेल तर तो सोडावा. चड्डी सैल घाला. अमेरिकेत ६५६ पुरुषांवर झालेल्या, २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात सैल चड्डी घालणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण सुमारे २५ टक्के जास्त निघाले होते. एवढ्यानेच मूल होईल असे नाही, पण याला पैसे लागत नाहीत.

आपल्या हातातले आणि हातात नसलेले

तंबाखू. त्याच सर्वेक्षणात छत्तीसगडमध्ये पंधरा वर्षांवरचे शेकडा सुमारे ४३ पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे दिसले. बिडी-सिगारेटने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. गुटखा आणि खर्राही निर्दोष नाहीत. गुडाखूला लोक दंतमंजन समजतात, म्हणून मुद्दाम लिहिते : गुडाखू तंबाखूच आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. रोजची दारूही नुकसान करते. वजन फार वाढले असेल, साखरेचा आजार ताब्यात नसेल, तर त्याचाही परिणाम होतो, आणि साखर तपासायला आपल्या आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत.

जिममधली इंजेक्शने. हा मुद्दा विशीतल्या मुलांसाठी आहे, माझ्याच वयाच्या. शरीर लवकर फुगावे म्हणून जी इंजेक्शने किंवा गोळ्या मिळतात त्यांत बऱ्याचदा टेस्टोस्टेरॉन किंवा तसेच स्टिरॉईड असते. बाहेरून ते हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना ‘आता तुमची गरज नाही’ असा निरोप पाठवतो आणि शुक्राणू बनणे थांबते. दंड वाढतात, वृषण आक्रसतात. बंद केल्यावर बहुतेकांचे पूर्ववत होते, पण महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. कमजोरी वाटते म्हणून काही ठिकाणी मूल हवे असलेल्या माणसालाही हेच इंजेक्शन टोचतात. तिथे स्पष्ट विचारा : यात टेस्टोस्टेरॉन आहे का? असेल तर घेऊ नका.

ताप. मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू, कोणताही जोरात आलेला ताप शुक्राणूंची संख्या तात्पुरती खाली आणतो. त्या काळात तपासणी केली तर अहवाल वाईट येईल आणि माणूस विनाकारण खचेल. ताप उतरून तीन महिने होऊ द्या.

व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या पिशवीतल्या शिरा फुगणे. बहुधा डाव्या बाजूला होते आणि हाताला गांडुळांच्या गुंडाळीसारखे लागते. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत परत पाठवलेल्या मुलांना हा शब्द चांगला माहीत असतो. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना ते असते आणि बहुतेकांना मुलेही होतात. पण मूल न होणाऱ्यांत त्याचे प्रमाण दुपटीहून जास्त, शंभरात पस्तीस-चाळीस असते, आणि ते शस्त्रक्रियेने बरे करता येते. आयुष्मान कार्डात ‘मूल होण्याचा उपचार’ बसत नाही, पण एखादा शारीरिक दोष दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया वेगळ्या पॅकेजमध्ये असू शकते. म्हणून डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली की रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला त्या शस्त्रक्रियेचे नाव सांगून विचारा, ‘मूल होत नाही’ एवढेच सांगू नका. १४५५५ वरही हे विचारता येते.

मुलगे. तुम्हाला लहान मुलगा किंवा नातू असेल तर त्याच्या पिशवीत दोन्ही गोट्या आहेत का हे पाहा. एखादी पोटातच राहिली असेल आणि सहा महिन्यांपर्यंत उतरली नसेल तर ती आपोआप उतरण्याची वाट पाहत बसू नये. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी. ‘मोठा झाला की येईल खाली’ हे आजीचे म्हणणे इथे ऐकू नका. गालगुंड वयात आल्यावर झाला आणि वृषण सुजले तर तेही लगेच दाखवा. आणि घरात कोणा तरुणाला कर्करोग निघाला असेल, तर केमो सुरू होण्याआधी डॉक्टरला वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. केमो कार्डावर होते, गोठवणे होत नाही. पण केमो झाल्यावर हा प्रश्न विचारून बहुतेक वेळा उपयोग नसतो.

तपासणी कशी होते?

सलग एक वर्ष कोणतेही साधन न वापरता संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी तपासणी करावी. बाईचे वय पस्तिसाच्या वर असेल तर सहा महिन्यांनीच. दोघांनी एकदम. आधी ती आणि मग ‘गरज पडली तर’ तो, असे नाही. पुरुषाच्या तपासणीत सुई नाही, भूल नाही, चिरफाड नाही. दुर्बिणीतून पोटात पाहण्याआधी ही तपासणी व्हायला हवी.

जिल्हा रुग्णालयांसाठी केंद्राने ठरवलेल्या आय.पी.एच.एस. मानकांत प्रयोगशाळेच्या तपासण्यांमध्ये वीर्यतपासणी आहे. दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शल्यविभागाची ओपीडी चिठ्ठी काढा, डॉक्टरकडून तपासणी लिहून घ्या आणि प्रयोगशाळेत दिवस-वेळ विचारा. ई.एस.आय. कार्ड असलेल्या ठेका कामगारांनी आधी ई.एस.आय. दवाखान्यात जावे. तिथे ओपीडी आहे, आणि त्यासाठीच तुमच्या पगारातून पैसे कापले जातात. कुठे जावे कळत नसेल तर राज्याच्या १०४ क्रमांकावर विचारा. नाव न सांगता विचारले तरी चालते.

तपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन करू नये. कमीही नाही, जास्तही नाही. प्रयोगशाळेने दिलेल्याच डबीत नमुना द्यावा. पहिला भाग सांडला तर सांगावे, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून आणणार असाल तर तासाभरात, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून आणा. फ्रीजमध्ये किंवा डिक्कीत ठेवू नका. साधा निरोध वापरून नमुना काढू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात.

अहवालात काय पाहायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिलिलिटर, प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा नीट वाचा. चार टक्के म्हणजे ठीक. ‘शहाण्णव टक्के खराब’ असे सांगून घाबरवणारा भेटला तर समजा की तो काहीतरी विकायला बसला आहे. आकडे या मर्यादेच्या खाली आले म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही, आणि वर आले म्हणजे होणारच असेही नाही. एकाच माणसाचे आकडे महिन्यागणिक वर-खाली होतात. म्हणून एका अहवालावर निर्णय घेत नाहीत. वाईट आला तर पुन्हा करतात, शक्यतो तीन महिन्यांनी. शून्य आला तरी तो शेवट नसतो. कधी शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, आणि ते डॉक्टरला शोधता येते.

रुळांकडेच्या भिंती

दुर्गहून रायपूरला लोकलने जाताना रुळांच्या कडेच्या भिंती वाचा. गुप्तरोग, शीघ्रपतन, निःसंतान, खात्रीचा इलाज. १९५४ चा कायदा असूनही भिंती रंगलेल्याच आहेत. या दुकानांचा सगळा धंदा एका भीतीवर चालतो : धातू गेला, ताकद गेली. लघवीतून पांढरे गेले, स्वप्नात झाले, हस्तमैथुन केले, म्हणून मूल होत नाही. हे खरे नाही. वृषणांत शुक्राणू रोज कोट्यवधींनी तयार होतात, ते साठा संपल्यासारखे संपत नाहीत. उलट मूल हवे असेल तर पाळीच्या मधल्या दिवसांत दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवावा. ‘वाचवून’ ठेवून काही मिळत नाही.

मराठीत हे सांगणारा माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक लाजून विचारत नसलेले प्रश्न त्यांना पत्रातून विचारत आणि ते सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिले. एम.ए.ला हे सगळे मी परीक्षेपुरते वाचले होते. वहिनींच्या फाईलनंतर पुन्हा वाचले.

भिंतीवरच्या वैद्याइतकीच काळजी औषधाच्या दुकानातल्या रंगीत डब्यांचीही घ्या. शुक्राणू वाढवणारी पावडर म्हणून जे विकतात त्यात बहुधा जस्त आणि फॉलिक ॲसिड असते. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर याची मोठी चाचणी झाली, पुरुषांना सहा महिने ते दिले; २०२० साली निकाल आला. वीर्यात सुधारणा नाही, मुले जास्त झाली नाहीत. महिन्याचे हजार-दीड हजार त्यात घालण्याऐवजी डाळ, अंडी, भाजी, फळ आणा. ते घरात सगळ्यांनाच लागेल.

मग मदत कोणाला मिळते?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि पेन्शनरांना सी.जी.एच.एस. मध्ये काही अटींवर आय.व्ही.एफ.चा खर्च मिळतो. २०११ च्या आदेशात एका वेळेला ६५,००० रुपयांपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन वेळा अशी मर्यादा होती. सिक्कीम सरकारने या उपचारासाठी आर्थिक मदत जाहीर केली. गोव्यात २०२३ साली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आय.व्ही.एफ. सेवा सुरू झाली. म्हणजे सरकारी रुग्णालयात हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये. भारतातल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, शास्त्रीय नोंदींसह झालेला पहिला जन्म ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. मध्ये झाला. महापालिकेचे रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते काम. त्यानंतर हा उपचार सरकारी दारातून निघून खाजगी दारात गेला आणि तिथे लाखांच्या घरात पोचला. सरकारी कर्मचारी ज्याला आजार म्हणून बिल लावतो, तो ठेका कामगाराच्या कार्डावर आजार नाही. या फरकाला मला कोणत्याही परिपत्रकात पटेल असे कारण सापडलेले नाही.

खाजगी केंद्रात जाणार असाल तर एवढे पाहा. २५ जानेवारी २०२२ पासून सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू आहे. केंद्राची राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हवी आणि तिचे प्रमाणपत्र दिसेल असे लावलेले हवे. दोघांची लेखी संमती लागते. तक्रार ऐकणारा कक्ष केंद्रात असायला हवा. उपचार घेणाऱ्या बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. दाता कोण हे तुम्हाला सांगितले जात नाही, आणि मुलगा की मुलगी हे निवडता येत नाही. तसे आमिष दाखवणारा गुन्हा करतो. आणि भाऊंची वीर्यतपासणी न करताच कोणी थेट आय.व्ही.एफ.चे पॅकेज सांगितले, तर उठून या.

वहिनींना मी एवढे सगळे एका दमात सांगितले नाही. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी कशी काढायची तेवढे कागदावर लिहून दिले. भाऊ महिनाभर ‘पुढच्या सुट्टीला’ म्हणत राहिले. मग एका सोमवारी रात्रपाळी करून, घरी न जाता परस्पर गेले. मला त्यांनी काही सांगितले नाही, वहिनींनी सांगितले. अहवालात मिलिलिटरला नव्वद लाख आले. डॉक्टरांनी विचारले, मध्ये ताप येऊन गेला होता का? दिवाळीनंतर टायफॉईड झाला होता. डाव्या बाजूच्या शिराही थोड्या फुगलेल्या आहेत म्हणाले. खर्रा बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तारीख चैत्रातली आहे. फाईलमध्ये आता त्यांच्या नावाचा एक कागद आहे. वहिनींनी तो सगळ्यात वर लावला आहे.